आधी बॅनची यादी, मग पैसे

२३ सप्टेंबर २०२४ च्या रात्री गणेशगुडीला मी रोख पैसे मोजून ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळातलं माना क्रिप्ट हे कार्ड घेतलं. त्याच रात्री आम्ही खेळतो त्या कमांडर फॉरमॅटच्या रूल्स कमिटीने ते बॅन केलं होतं, आणि विकणाऱ्याला ते कळलेलं होतं.

काळी नदीकाठच्या आमच्या मुक्कामी रेंज नव्हती. चौघांचा डाव रंगात आला असताना ‘घरी फोन करून येतो’ म्हणत आमच्यातलाच तो विकणारा रेंज शोधत सुपा धरणाच्या बाजूला गेला. एरवी ज्या कार्डाला हात लावू देत नसे, तेच परत आल्यावर माझ्यापुढे सरकवलं. ‘घे, तुला हवं होतं ना? मित्र म्हणून कमी लावतो.’ अमेरिकेत त्याचा भाव शंभर डॉलरच्या वर होता. संशय घ्यायचा तरी कशावरून?

दुसऱ्या दिवशी बेळगावला परतताना रामनगरला फोनवर मेसेज धडाधड आले. माना क्रिप्ट, ज्युवेल्ड लोटस, डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट, नादू, चारही बॅन. वेळ पाहिली आणि त्याचा तो ‘घरचा फोन’ आठवला. तो पुढच्या सीटवर गाणी बदलत बसला होता. जाब विचारला तर म्हणाला, ‘अरे, आपल्यात चालवून घेऊ की!’ पुढच्या बैठकीत मी ते कार्ड टाकलं, तेव्हा पहिला आक्षेप त्याचाच: ‘बॅन आहे, चालणार नाही.’ पैशांपेक्षा हे जास्त झोंबलं.

बंदी चुकीची होती असं मी म्हणत नाही. क्रिप्ट फुकट उतरतं आणि दर फेरीला दोन माना देतं. त्यासाठी दर फेरीला नाणं उडवावं लागतं, हरलात तर तीन डॅमेज, पण चाळीस लाइफमध्ये त्याचं काय? पहिल्या फेरीलाच एक जण पुढे निघून जातो, बाकीचे तिघे बघत बसतात. माझा राग फसवणुकीवर आहे.

म्हणून सांगतो. महागडं कार्ड घेताना अधिकृत यादी त्याच क्षणी, स्वतःच्या फोनवर बघा. रेंज नसेल तर व्यवहार सकाळवर ढकला. ‘ग्रुपात चालेल’ हे चौघांसमोर वदवून घ्या, एकट्याच्या तोंडचं धरू नका. एका कार्डावर डेक उभारू नका. छत्तीस-सदतीस लँड, सोल रिंग, आर्केन सिग्नेट, कल्टिव्हेट एवढ्यावर डेक नीट चालतो. उद्या सुटेल या आशेवर बॅन कार्ड विकत घेऊ नका. २०२५ च्या एप्रिलमध्ये गिफ्ट्स अनगिव्हनसह पाच कार्डं सुटली, त्यात क्रिप्ट नव्हतं. महागडं कार्ड आधी प्रॉक्सी, म्हणजे कागदी नक्कल, करून खेळून बघा.

आता फॉरमॅट खेळ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टकडे आहे, डेकच्या ताकदीप्रमाणे ब्रॅकेटही आलेत. तिसऱ्या ब्रॅकेटमध्ये ‘गेम चेंजर’ या जबरदस्त कार्डांच्या यादीतली जास्तीत जास्त तीन कार्डं चालतात. डाव मांडण्याआधी प्रत्येकाला ब्रॅकेट विचारा, यात लाजण्यासारखं काही नाही. मैत्री असली तरी व्यवहार चोख ठेवा.

आणि डाव अर्ध्यावर सोडून फोनला गेलेला माणूस परत येऊन उदार झाला, तर त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नका.