पाळक ह्या शब्दाचा मूळ अर्थ

मंडळीच्या सेवकास आपण पाळक म्हणतों. इंग्रजींत त्यास पास्टर म्हणतात. हा शब्द मूळचा लॅटिन असून त्याचा अर्थ मेंढपाळ असा आहे. तो ज्या धातूपासून झाला त्याचा अर्थ चारणें, खाऊं घालणें. कुरणाचें इंग्रजी नांव पाश्चर हेंही त्याच धातूपासून निघालें आहे. इब्री भाषेंतही तसेंच आहे. 23 व्या स्तोत्रांतील मेंढपाळ ह्या अर्थाचा शब्द चारणें ह्याच धातूचें रूप होय.

आपल्याकडील शब्दांत आणखी दोन कामें दिसतात. गुराखी ह्या शब्दांत गुरें राखणें आहे. गवेषणा हा संस्कृत शब्द आज कोणत्याही शोधास लावितात. मुळांत तो गाईंच्या शोधाचा होता.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21 व्या अध्यायांत प्रभूनें पेत्रास तीनदां आज्ञा केली. मूळ ग्रीकमध्यें पहिल्या व तिसऱ्या वेळीं चारणें ह्या अर्थाचें क्रियापद आहे. दुसऱ्या वेळचें क्रियापद निराळें असून त्यांत कळपाची सर्व निगा येते.

तेव्हां चारणें, राखणें आणि शोधणें हीं तिन्ही कामें पाळकाचीं होत. नुसती राखण झाली व वचनाचा चारा मिळाला नाहीं, तर कळप वाड्यांतच उपाशी राहतो. चारा भरपूर आहे, पण उपासनेस न येणाऱ्याच्या दारीं कोणी जात नाहीं, तर तो कळप दिवसेंदिवस लहान होतो. पाळक हें मानाचें नांव खरें. पण आधीं तें कामाचें नांव आहे.