हलक्या जमिनीतील शेणखत जाते कोठे?

सोलापूर जिल्हा म्हटला की मंगळवेढ्याची काळी कसदार जमीन आणि रब्बी ज्वारी डोळ्यांसमोर येते. परंतु याच जिल्ह्यात, विशेषतः सांगोला तालुक्यातील माळरानांवर, हलक्या, मुरमाड व वाळूमिश्रित जमिनीही आहेत. काळ्या रानात घातलेल्या खताचा गुण दोन-तीन हंगाम जाणवतो. माळावर मात्र तो लवकर ओसरतो. असे का घडते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

सेंद्रिय पदार्थ कुजविण्याचे कार्य मातीतील जीवाणू व बुरशी करतात. त्यांना ओल, हवा आणि ऊब लागते. चिकणमातीचे सूक्ष्म कण सेंद्रिय द्रव्य धरून ठेवतात व ते जीवाणूंच्या हाती सहजासहजी लागू देत नाहीत. वाळूच्या कणांत ही शक्ती नसते. त्यांच्यामधील छिद्रे मोठी असल्याने हवा मुबलक खेळते. परिणामी खतातील बराचसा कर्ब वायुरूपाने निघून जातो आणि ह्यूमस थोडाच उरतो.

खरा धोका पहिल्या पावसात असतो. उन्हाळ्यात माती कोरडी असल्याने कुजण्याची क्रिया जवळजवळ थांबते. पाऊस पडताच ती एकदम वेग घेते. खतातील काही नत्राचे नायट्रेट बनते. ते पाण्यात सहज विरघळते आणि पिकाची मुळे पसरण्यापूर्वीच जोराचा पाऊस झाल्यास मुळांखाली वाहून जाते. चांगल्या शेणखतात नत्र सुमारे 0.5 टक्के, म्हणजे 1 टनात अवघे 5 किलो असते. त्यातील प्रत्येक किलो मोलाचा आहे.

यावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. हलक्या रानात तीन-चार वर्षांतून एकदा भरपूर खत घालण्यापेक्षा दरवर्षी थोडे घालणे हितावह. ज्वारीची धसकटे न कुजविता पेरणीच्या तोंडावर गाडू नयेत. त्यांत कर्ब फार व नत्र कमी असल्याने जीवाणू मातीतील नत्रच वापरतात आणि पीक पिवळे पडते. खताचे ढीग उन्हात उघडे ठेवल्यास नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. म्हणून खत पसरताच कुळवाने मातीत मिसळावे. बांधावरील गिरिपुष्पाचा कोवळा पाला नत्राने समृद्ध असून लवकर कुजतो. तो पीक वाढीला लागल्यावर द्यावा.

तलावातील गाळही येथे उपयुक्त ठरतो. त्यातील चिकणमाती ओल धरते आणि सेंद्रिय द्रव्याला आधार देते. राज्य शासनाने 2017 मध्ये सुरू केलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमागे हा लाभही आहे. गाळ टाकण्यापूर्वी तो खारवट नाही, याची माती परीक्षणाद्वारे खात्री करून घ्यावी.

ग्रामपंचायत सदस्यांनी सावलीतील, झाकलेल्या खतखड्ड्यांचा आग्रह धरावा. शिक्षकांनी दोन कुंड्यांत काळी व वाळूमिश्रित माती भरून, त्यांत सारखेच खत व पाणी घालून, कोणत्या कुंडीतून पाणी लवकर निथळते हे विद्यार्थ्यांना दाखवावे. माळरानाला खत पुरत नाही, अशी तक्रार करण्याआधी दिलेले खत मातीत टिकेल, याची तजवीज करणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.