पाट्या वाचता वाचता

देवणी बैलांसाठी नावाजलेली. पारावर बैलांच्या गोष्टी संपल्या, की सिनेमाच्या निघतात.

एक जण म्हणतो, "सिनेमाच्या नादानं माणूस बिघडतो."

दुसरा म्हणतो, "शाळा सुटली, आता काय शिकणार?"

अण्णा भाऊ साठे यांची गोष्ट ऐका. १९२० साली सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात ते जन्मले. शाळा त्यांना लाभली नाही. घरच्यांबरोबर ते मुंबईला गेले. पडेल ते काम केले, गिरणीत राबले. सिनेमाचा त्यांना भारी नाद. सिनेमाच्या जाहिराती अन् दुकानांच्या पाट्या बघून, अक्षराला अक्षर लावत ते वाचायला शिकले. पुढे त्यांनी लोकनाट्ये रचली. १९५९ साली त्यांची 'फकिरा' ही कादंबरी निघाली. तिला राज्य सरकारचे बक्षीस मिळाले.

नाद वाईट नव्हता. नादातून त्यांनी विद्या काढली.

बाबांनो, बायांनो, चारचौघांत अडखळत वाचायची लाज वाटते ना? पोरगं हसेल, असे वाटते. हसू द्या. त्यालाच जवळ बसवा. विचारा, "बाळा, हे अक्षर कोणतं रे?" अक्षरही कळेल, मायाही वाढेल.

आजचा अभ्यास : उदगीरला जाताना एसटीची पाटी कुणाला विचारू नका. स्वतः वाचा, मग गाडीत चढा.