शेताची वही

लेकरा, शेत आता तुझ्या हाती आलं, तर आधी विहीर मोजायला शीक. सुतळीला फुटाफुटावर गाठी मार, टोकाला वाळूनं अर्धी भरलेली बाटली बांध. मोजायचं सकाळी, मोटार चालू करायच्या आत. रातभर झरे पाझरून पाणी स्थिर झालेलं असतं, खरी पातळी तेव्हाच कळते. भूजल सर्वेक्षणवाले त्यांच्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे अन् ऑक्टोबरात मोजतात. तूही तेच महिने धर, म्हणजे आकडे ताडून बघता येतील.

एका सालावरून काही ठरवू नको. पण पाऊस सालाबादप्रमाणे पडूनही ऑक्टोबरची पातळी दरसाल खालीच चालली, तर आपण मुद्दल खातोय म्हणून समज. १९८७ साली नॉर्वेच्या ब्रुंटलँडबाईंच्या आयोगानं जगाला दुसरं काय सांगितलं? आपली गरज भागवा, पण पुढच्यांची वाट अडवू नका. आपल्याकडं ती वाट हळद अडवते. आठ-नऊ महिने रानात उभी, अन् खरं पाणी मागते ते पावसाळा सरल्यावर. वसमतचा भाव ऐकून हळद लावणारे लई पाहिले, विहिरीत डोकावून लावणारे थोडेच.

नगरकडच्या हिवरे बाजारात पोपटराव पवारांनी हीच शिस्त गावाला लावली. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढं मांडायचा, अन् मग पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर तिथं बंदच. आपल्याला एवढं जमायला वेळ लागेल, पण पाऊस मोजायला कुणाची परवानगी लागत नाही. सरळ कडेचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेव, सकाळी फूटपट्टी बुडव. एकरभर रानावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण ४,००० लिटर पाणी.

मातीचंही तसंच. तपासणीला माती देताना बांधाची, झाडाखालची, उकिरड्याजवळची घेऊ नको. कागद आला की आधी सेंद्रिय कर्ब बघ. ०.५ टक्क्याच्या खाली असला तर सोयाबीनचं कुटार पेटवायचं नाही, रानातच कुजवायचं.

ही वही ग्रामसभेला घेऊन जात जा. पंचायतीच्या आराखड्यात आता शाश्वत विकासाच्या ९ संकल्पना असतात, त्यात एक जलसमृद्ध गावाची. बंधारे किती झाले ते न विचारता सांगतील. तू उठून विचार, मे महिन्यात किती विहिरींना पाणी होतं?