विण्याआधी गळणारा चीक राखून ठेवा

काही गाई-म्हशींची कास विण्यापूर्वी एक-दोन दिवस इतकी तटतटते, की सडांतून चीक गळू लागतो. थोडे थेंब गळत असतील तर कास पिळू नये. धारच लागली किंवा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पिळावेच लागले, तर हा पहिला चीक जपून ठेवावा. नंतरचा चीक तितका कसदार नसतो. वासराला रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भात वारेतून मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. शिवाय ती शोषण्याची आतड्यांची क्षमता जन्मानंतर सुमारे २४ तासांत संपते.

सड धुऊन कोरडे करावेत व चीक स्वच्छ भांड्यात काढावा. रक्तमिश्रित किंवा दगडी झालेल्या कासेचा चीक ठेवू नये. फ्रीजमध्ये ४ अंश सेल्सिअसला तो दोन दिवस चांगला राहतो. जास्त दिवस ठेवायचा असल्यास एकेक लिटरच्या पिशव्यांवर तारीख घालून उणे २० अंशांना गोठवावा. वितळलेला चीक पुन्हा गोठवू नये. वीज वारंवार जाणाऱ्या गावी हे ध्यानात ठेवावे.

पाजताना पिशवी ५० अंशांखालील कोमट पाण्यात ठेवावी. उकळल्यास त्याचा खरवस होतो. तो घरात सर्वांना आवडतो, पण वासराचा वाटा आधी! ३० किलोच्या वासराला पहिल्या दिवशी ३ लिटर चीक द्यावा, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत.