कांदा, कार्ल मार्क्स आणि विकण्याची मुभा

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी केली आणि आमचा भाव कोसळला. माझी पुतणी पुण्यात अर्थशास्त्रात एम. ए. करते. ती म्हणते, जागतिकीकरणाने गरिबांचं वाटोळं झालं हे डाव्या अर्थतज्ज्ञांनी केव्हाच सांगून ठेवलंय. माझं वाटोळं तर माल बाहेर विकू दिला नाही म्हणून झालं! डावे स्वतःला कष्टकऱ्यांचे म्हणवतात, मग खुल्या व्यापाराला त्यांचा विरोध का? की सगळे एका मताचे नाहीत?

उत्तर : एका मताचे नाहीत, कधीच नव्हते. उजव्या-डाव्यांच्या वादाचा गाजावाजा जास्त होतो, पण या विषयावरची कडवी भांडणं डाव्यांच्या घरातच झाली आहेत. त्याची सुरुवात थेट मूळपुरुषापासून आहे.

९ जानेवारी १८४८ रोजी ब्रसेल्समध्ये कार्ल मार्क्सने खुल्या व्यापारावर भाषण केलं. विषय होता इंग्लंडमधल्या धान्य कायद्यांचा. परदेशी स्वस्त धान्य अडवून जमीनदारांचे भाव टिकवणारे हे कायदे दोनच वर्षांपूर्वी, १८४६ मध्ये रद्द झाले होते. त्यासाठी मोहीम चालवली ती मँचेस्टरच्या कारखानदारांनी, गरिबाला पाव स्वस्त मिळेल असं सांगत. मार्क्सने त्यांची यथेच्छ टर उडवली. पाव स्वस्त हवाय तो मजुरी कमी देता यावी म्हणून, असा त्याचा रोख होता. एवढं झोडपून झाल्यावर शेवटी त्याने कौल दिला तो मात्र खुल्या व्यापारालाच! जकातीच्या भिंती जुनी व्यवस्था जपतात, खुला व्यापार ती मोडून काढतो आणि मालक-मजूर संघर्ष टोकाला नेतो. म्हणून, आणि केवळ म्हणूनच, तो हवा. असला पाठिंबा मिळाल्यावर मँचेस्टरकरांना आनंद झाला असेल असं वाटत नाही.

हा धागा पुढे पकडला मेघनाद देसाई यांनी. बडोद्यात जन्मलेले, माटुंग्याच्या रुईया कॉलेजात शिकलेले, पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापक आणि मजूर पक्षाचे लॉर्ड झालेले हे गृहस्थ. २००२ मधल्या ‘मार्क्सेस रिव्हेंज’ या पुस्तकात त्यांनी मांडलं की, भांडवलशाहीची वाढ खुंटायच्या आत तिला ओलांडता येत नाही हे मार्क्सला ठाऊक होतं. सरकारी समाजवादाचा पाडाव आणि जागतिकीकरणाची घोडदौड पाहून तो दचकला नसता. भारतातल्या डाव्या वर्तुळात हे पुस्तक फारसं कोणाला गोड लागलं नाही.

आता तुमच्या कांद्याकडे येऊ. धान्य कायद्यांच्या काळात आयात अडवून धान्य महाग ठेवलं जात होतं, आपल्याकडे निर्यात अडवून कांदा स्वस्त ठेवला गेला. दोन्हीकडे मुद्दा एकच : शहरातल्या मजुराच्या ताटाचा खर्च कोणी सोसायचा? डाव्यांची पंचाईत इथे होते, कारण मजूरही त्यांचाच आणि शेतकरीही त्यांचाच. पुढे पश्चिम बंगालचे अर्थमंत्री झालेले अशोक मित्र यांनी १९७७ मध्ये असं मांडलं होतं, की शेतमालाचे भाव वाढतात ते मोठ्या जमीनदारांच्या राजकीय ताकदीमुळे, आणि भूमिहीन मजूर धान्य विकत घेणारा असल्याने त्यात भरडला जातो. त्यानंतर एक-दोन वर्षांतच चाकणच्या कांद्यापासून आंदोलन सुरू करणारे शरद जोशी नेमकं उलटं म्हणत होते : शेतमालाला भाव मिळाला तरच मजुराला मजुरी मिळेल, आणि भाव पाडण्याचं काम सरकारच करतं. शेतमालाचा जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाविरुद्ध देशभरातल्या शेतकरी संघटना रस्त्यावर उतरल्या तेव्हा जोशी त्या प्रस्तावाच्या बाजूने उभे राहिले. ते काही डावे नव्हते. पण सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात राहून आयुष्यभर डाव्या आणि आंबेडकरी चळवळीत काम केलेल्या गेल ऑम्वेट डाव्याच होत्या, आणि त्यांनीही जागतिकीकरणाला सरसकट नकार देणाऱ्यांशी जाहीर वाद घातला. तुमच्या पुतणीला हेही सांगा, की २०२३ च्या त्या निर्यातबंदीला लाल बावट्याच्या किसान सभेनेही विरोध केला होता. बंदी उठली ४ मे २०२४ ला, नाशिक पट्ट्यातल्या मतदानाच्या पंधरवडाभर आधी, आणि तीही ४० टक्के निर्यातशुल्क ठेवून.

पण पुतणीचं म्हणणं फेकून देण्यासारखं नाही. निफाडहून यवतमाळला जा. १९९५ नंतर जागतिक बाजारात कापसाचे भाव घसरत गेले आणि २००१-०२ पर्यंत निम्म्याच्याही खाली आले. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना भरभक्कम अनुदान देत होती, आणि आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्या भावाला तोंड द्यायचं होतं. उत्सा पटनायक आणि प्रभात पटनायक हे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले अर्थतज्ज्ञ नेमकं याच जागी बोट ठेवतात. जगाच्या भावाशी शेत जोडलं की तेजी येते तशी मंदीही येते, आणि मंदी सोसायची ऐपत छोट्या शेतकऱ्याकडे नसते. माझं मत विचाराल तर इथे दोन्ही बाजू अर्ध्याच बोलतात. शेतकऱ्याला बाहेर विकू न देणं हा अन्याय आहे, आणि बाहेरचा अनुदानित माल त्याच्यावर सोडून देणं हाही अन्यायच आहे. आपल्या सरकारांनी मात्र सोयीप्रमाणे दोन्ही केलं आहे.

याच वादाचं दुसरं मोठं रणांगण म्हणजे ढाक्यातले कपड्यांचे कारखाने. तिथे डाव्यांची फाटाफूट सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९९२ मध्ये अमेरिकी सिनेटर टॉम हार्किन यांनी एक विधेयक आणलं : बालमजुरांनी बनवलेला माल अमेरिकेत येऊ द्यायचा नाही. हेतू चांगला, अमेरिकी कामगार संघटनांचा पाठिंबाही होता. विधेयक कधी मंजूर झालंच नाही, पण नुसत्या धास्तीने बांगलादेशातल्या कारखान्यांनी सुमारे ५० हजार मुलांना कामावरून काढलं, असा अंदाज आहे. ही मुलं शाळेत गेली नाहीत. युनिसेफच्या १९९७ च्या अहवालाप्रमाणे त्यांतली काही दगड फोडायला गेली, काही रस्त्यावर फेरीवाली झाली, काही वेश्याव्यवसायात ओढली गेली. कारखान्यापेक्षा ही कामं वाईट होती. १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्यात करार होऊन मुलांसाठी शाळा आणि विद्यावेतन सुरू झालं, तेव्हा कुठे गाडी थोडी रुळावर आली.

त्यानंतर मोठा प्रश्न पुढे आला. व्यापार करारांतच कामगार हक्कांची अट घालायची का? श्रीमंत देशांतले डावे म्हणत : घालाच, नाहीतर मजुरी पाडण्याची शर्यत लागेल. भारतातल्या बहुतेक मध्यवर्ती कामगार संघटना, त्यांत डाव्याही, म्हणत : ही मागच्या दाराने आणलेली जकात आहे. डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूरच्या परिषदेत जागतिक व्यापार संघटनेने हा विषय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे ढकलला. १९९९ मध्ये तिच्याच सिएटलच्या परिषदेत तो पुन्हा उसळला. म्हणजे लाल झेंडा दोन्हीकडे होता, फक्त कामगार वेगवेगळ्या देशांतला होता.

नायला कबीर या बांगलादेशी वंशाच्या अर्थतज्ज्ञ या वादात मला सर्वांत वाचनीय वाटतात, कारण त्या थेट बायकांनाच विचारायला गेल्या. ढाका आणि लंडन अशा दोन्ही शहरांत त्यांनी अभ्यास केला. ढाक्यात पडद्याच्या रिवाजाची पकड घट्ट, तरीही हजारो तरुणी घराबाहेर पडून कारखान्यात उभ्या राहिल्या. लंडनमध्ये पडद्याची पकड सैल असायला हवी, पण तिथल्या बांगलादेशी बायका घरी शिलाई मशिनवर बसून तुकड्यावर काम करत होत्या. ढाक्यातल्या अनेक मुलींसाठी हातात पगार येणं म्हणजे लग्न लांबवणं, भावाला शिकवणं, नवऱ्याशी बरोबरीने बोलणं. मजुरी कमी होती, हे त्या नाकारत नव्हत्या. पण नोकरी काढून घेऊन आपल्यावर उपकार करा, असंही त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. कबीर यांचा निष्कर्ष असा, की निर्यातीच्या कारखान्यांना शिक्षा करून देशातल्या शेतमजूर, मोलकरीण यांच्यासारख्या, त्यांच्याहूनही वाईट स्थितीतल्यांना काहीच मिळत नाही. सगळ्याच कष्टकऱ्यांसाठी किमान सुरक्षेची पातळी हवी.

केंब्रिजच्या जोन रॉबिन्सन या मार्क्सचा आणि केन्सचा दोघांचाही अभ्यास असलेल्या बाईंनी साठच्या दशकातच असं काहीसं सुचवलं होतं, की भांडवलदाराने पिळणं वाईट, पण पिळायलाही कोणी न येणं त्याहून हलाखीचं.  

मात्र ढाक्याची गोष्ट इथेच थांबवली तर फसवणूक होईल. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या साभारमधली राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. इमारतीतल्या बँकेने आपले कर्मचारी घरी पाठवले. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र सकाळी कामावर यायला लावलं. ‘जाणार नाही’ म्हणायला त्यांच्यामागे संघटना नव्हती. नोकरी मिळणं ही मोकळीक खरी. पण आज आत पाऊल टाकणार नाही असं म्हणता येणं, हीही मोकळीकच आहे. ती बाजाराने दिली नाही. त्या दुर्घटनेनंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात इमारत-सुरक्षेचा बंधनकारक करार झाला, तो दबावाने.

अमर्त्य सेन यांच्या लिखाणात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. १९९९ च्या ‘डेव्हलपमेंट ॲज फ्रीडम’मध्ये ते म्हणतात, देवाणघेवाण करण्याची मुभा ही मुळातच मोलाची आहे, मग तिने उत्पन्न वाढो वा न वाढो; वेठबिगाराला मजुरीच्या बाजारात येऊच न देणं ही गुलामी आहे. आणि जागतिकीकरणाबद्दल त्यांचा सवाल असा : गरिबाला थोडं काही मिळालं का, एवढं विचारून भागत नाही, त्याच्या वाट्याला आलेला हिस्सा न्याय्य आहे का, ते विचारा.

एका बाबतीत मात्र डाव्या-उजव्यांची चक्क गाठ पडते : पैशाची मोकाट ये-जा. प्रभात पटनायक सांगत आले आहेत, की भांडवल क्षणात देशाबाहेर जाऊ शकत असेल तर निवडून आलेलं सरकार लोकांपेक्षा त्या भांडवलालाच जास्त भितं. जुलै १९९७ मध्ये थायलंडचं चलन कोसळलं, आशियाभर वणवा पसरला, आणि १९९८ मध्ये खुल्या व्यापाराचे कट्टर वकील जगदीश भगवती यांनीच लिहिलं, की मालाच्या व्यापाराचा न्याय पैशाच्या व्यापाराला लावू नका. इस्तंबूलमध्ये जन्मलेले दानी रॉड्रिक यांनी तर यावर अख्खी मांडणी उभारली : टोकाचं जागतिकीकरण, लोकशाही आणि राष्ट्राची स्वायत्तता, यांतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. पुतणीला पटनायक आणि रॉड्रिक शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगा. तुम्ही मात्र नायला कबीर यांच्यापासून सुरुवात करा.

प्रश्न : ‘आर्थिक स्वातंत्र्य निर्देशांका’त हाँगकाँग आणि सिंगापूर वर्षानुवर्षं वर राहिले, आणि भारत शंभराच्याही खाली. डाव्यांना हा निर्देशांक का खटकतो?

उत्तर : अमेरिकेतल्या हेरिटेज फाउंडेशनची यादी १९९५ पासून निघते, कॅनडाच्या फ्रेझर इन्स्टिट्यूटची दुसरी यादी त्याच सुमाराची. कर कमी, सरकारचा खर्च कमी, व्यापार मोकळा, मालमत्तेचे हक्क पक्के, असं असलं की गुण वाढतात. भारताला कमी गुण पडण्यात चूक काहीच नाही. तुमच्या गावात दुकानाला परवाने काढून पाहा, म्हणजे कळेल.

खटकतं ते वेगळंच : वरच्या देशांत सरकारचा हात केवढा मोठा आहे, ते या यादीवरून कळत नाही. सिंगापूरमधली बहुतेक जमीन सरकारची आहे. सुमारे ८० टक्के रहिवासी सरकारी मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात, आणि पगारातून सक्तीची बचत कापली जाते. हाँगकाँगमध्ये तर जवळपास सगळीच जमीन सरकारी मालकीची, भाडेपट्ट्याने दिलेली. खाजगी मालकीचा अपवाद म्हणून एका कॅथेड्रलची जागा सांगतात. जवळपास निम्मी वस्ती सरकारी किंवा सरकारी मदतीच्या घरांत. हा-जून चँग हे कोरियन अर्थतज्ज्ञ सिंगापूरचं उदाहरण वारंवार देतात ते यासाठीच : बंदर खुलं, पण जमीन सरकारच्या हाती.

हेरिटेजने २०२१ मध्ये हाँगकाँगला यादीतून वगळलं, कारण तिथली आर्थिक धोरणं आता बीजिंगहून ठरतात असं त्यांचं म्हणणं पडलं. आणि वरच्या दहाच्या आसपास नेहमी असतो डेन्मार्क. तिथे कर भरपूर, बहुसंख्य कामगार संघटनेत, आणि कायद्याने ठरवलेलं किमान वेतन नाही, कारण ते मालक आणि संघटना बसून ठरवतात.