लेसरचे यंत्र आणि इंजेक्शनची तारीख

“लेसर केल्यावर आजींना पुन्हा वाचता येईल ना?” असे रुग्णांचे नातेवाईक विचारतात, देणगीदारही बहुधा यंत्रासाठीच देणगी देऊ इच्छितात. म्हणून वार्धक्यातील पीतबिंदू-ऱ्हासाविषयी थोडी माहिती येथे देत आहोत.

डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू नावाचा लहानसा भाग असतो. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही कामे त्याच्यावरच अवलंबून असतात. पन्नाशीनंतर होणाऱ्या त्याच्या ऱ्हासाचे दोन प्रकार आहेत. कोरडा प्रकार सावकाश वाढतो; त्यावर लेसरचा उपयोग सिद्ध झालेला नाही. ओल्या प्रकारात पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्यांतून रक्त व द्रव पाझरतो आणि काही आठवड्यांतच दृष्टी खालावू शकते.

१९८०च्या दशकात या वाहिन्या उष्ण लेसरने जाळून बंद करीत. मात्र त्यांच्यावरचा पडदाही भाजला जाई, तेथे कायमचा काळा डाग राही आणि अनेकदा वाहिन्या पुन्हा वाढत. २००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पद्धतीत शिरेतून व्हर्टेपोर्फिन हे औषध देऊन सौम्य लेसरने ते कार्यान्वित करीत. त्यामुळे ऱ्हासाचा वेग मंदावे. गेलेली दृष्टी क्वचितच परत येई. २००६ साली रॅनिबिझुमॅबला मान्यता मिळाली. डोळ्यात इंजेक्शनद्वारे दिल्या जाणाऱ्या या औषधाने अनेक रुग्णांची दृष्टी टिकली, काहींची सुधारलीही. तेव्हापासून या विकारात लेसर मागे पडले. मधुमेहजन्य नेत्रविकारात त्याचे महत्त्व आजही आहे.

येथे हिशेबाचा प्रश्न उभा राहतो. यंत्र एकदाच खरेदी करावे लागते व त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. इंजेक्शन मात्र सुरुवातीस बहुधा दरमहा आणि पुढे गरजेनुसार अनेक वर्षे घ्यावे लागते. त्यातील खंड दृष्टीला महागात पडतो. मूळचे कर्करोगावरील बेव्हॅसिझुमॅब हे औषध बरेच स्वस्त आहे. ते रॅनिबिझुमॅबइतकेच गुणकारी असल्याचे अमेरिकेतील तुलनात्मक चाचणीत २०११ साली दिसून आले. परंतु त्याच्या छोट्या मात्रा निर्जंतुक वातावरणातच तयार कराव्या लागतात. म्हणून यंत्रासाठीच्या एकरकमी देणगीइतकीच रुग्णसाहाय्य निधीला दरवर्षी मिळणारी लहान देणगीही मोलाची आहे, असे आम्ही नम्रपणे नमूद करू इच्छितो.

कुटुंबीयांना विनंती अशी, की घरातील ज्येष्ठांना एकेक डोळा झाकून दाराची चौकट अथवा फरशीच्या रेषा पाहण्यास सांगावे. सरळ रेषा वाकडी दिसल्यास किंवा मध्यभागी डाग दिसल्यास ‘वयोमानाने होणारच’ असे न म्हणता त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे यावे. धूम्रपान अवश्य सोडावे. आणि उपचार सुरू झाल्यावर, बरे वाटत असले तरी, पुढील तारीख चुकवू नये.